नालेवर

माझ्या मुलीचं मराठी चांगलं आहे. दिल्लीत जन्मलेल्या पोरीचं इतकं स्वच्छ मराठी कुठे ऐकायला मिळत नाही, असं नागपूरहून येणारे नातेवाईक तोंड भरून सांगतात. ते काही आपोआप आलेलं नाही. मी तिला टोकून टोकून आणलंय. आमच्या ओळखीतल्या मराठी घरांतली मुलं 'रस्तेवर गाडी उभी आहे' म्हणतात, 'डब्बेत काय आहे' म्हणतात, आणि त्यांच्या आया कौतुकानं हसतात. मला नाही हसू येत. दिवसभर कानात 'रस्ते पे' आणि 'डब्बे में' पडतं, मग मराठीतही तेच उतरणार. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "रस्तेवर नाही, रस्त्यावर! डब्बेत नाही, डब्यात!" एकदा तर तिला समोर बसवून नियमच सांगितला. "शब्दाच्या शेवटी आ असला की तिथे य येतो. रस्ता, रस्त्यावर. डबा, डब्यात. एवढं धरून ठेव, तुझे अर्धे घोळ संपतील." पोर हुशार. तिनं धरून ठेवलं.

नवरा चिडवायचा, "ऑफिसात फाइली तपासून पोट भरत नाही का तुझं?" त्याला काय जातंय. पहाडगंजला मराठी शाळा आहे, पण फरीदाबादहून, त्यातही कालव्यापलीकडच्या नहरपारहून, रोज तिथे पोर पाठवायची म्हणजे तिचं अर्धं आयुष्य मेट्रोत गेलं असतं. म्हणून शाळा मीच झाले.

हे आधीच सांगून टाकते, कारण माझे वडील गेले त्यात हा य आहे.

बाबा भूगोलाचे मास्तर. भंडारा जिल्ह्यात जन्म गेला. आई वारल्यावर मी जाऊन त्यांना इकडे घेऊन आले. आठव्या मजल्यावर खोली दिली, बाल्कनी दिली, टीव्ही दिला. थोड्या दिवसांत माणूस सुकायला लागला. खाली पार्कात बसणारे म्हातारे पंजाबी नाहीतर हरियाणवी, आणि त्यांच्या गप्पा एकतर प्रॉपर्टीच्या नाहीतर गुडघ्यांच्या. बाबांचं हिंदी चांगलं होतं, आमच्याकडच्या माणसाचं असतंच, पण बोलायला विषय पाहिजे ना. ते म्हणायचे, "मी इथे पाहुणाही नाही न् घरचाही नाही." मी म्हणायची, "बाबा, आता जरा आराम करा." आराम म्हणे! शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला आराम म्हणजे शिक्षाच. पण दुसरं काय सांगणार होते मी? सकाळी आठला घर सोडायचं, संध्याकाळी मेल्यासारखं परत यायचं.

मग त्यांनी चालायला सुरुवात केली. आमच्या सोसायटीच्या पूर्वेला शेतं लागतात, मग कच्चा रस्ता, मग कुंपण घातलेली फार्महाउसं, आणि त्यापलीकडे यमुना. एका रविवारी ते घोट्यापर्यंत चिखलात माखून घरी आले. मी दारातच ओरडणार होते, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले.

"अगं, सापडली!"

"काय सापडली?"

"नाल!"

बूट तसेच दाराशी टाकून ते जेवणाच्या टेबलाशी बसले आणि पाण्याच्या पेल्यात बोट बुडवून टेबलावर नदी काढायला लागले. नदी सपाटीला आली की तिला घाई नसते, ती वळणं घेते. वळणाची बाहेरची बाजू खात जाते, आतल्या बाजूला गाळ टाकत जाते. खाता खाता वळणाची मान बारीक होते, आणि मग एखाद्या पुरात नदी ती मान तोडून सरळ निघून जाते. वळण मागेच राहतं. दोन्ही तोंडं गाळानं बुजतात, आत पाणी साचून राहतं. वरून पाहिलं तर घोड्याच्या नालेचा आकार. "नालाकृती सरोवर. तू पाठ केलेलंस, आठव जरा." मग टेबलावरचं पाणी हातानं पुसत म्हणाले, "जन्मभर फळ्यावर काढलं गं मी हे. पोरांना मार्क दिले त्याचे. आणि पाहिलं आज."

आतल्या खोलीतून मुलगी आली, तिनं पाहिलं आणि म्हणाली, "हे तर ऑक्सबो लेक. आमच्याही पुस्तकात आहे."

"लेक तर तू आहेस," बाबा म्हणाले. "पाण्याला कशाला लेक म्हणतेस?" तिला तो विनोद एवढा आवडला की पुढे त्या दोघांचं तेच ठरून गेलं. आजोबा तिला विचारायचे, "येतेस का तुझ्या लेकवर?" ती एकदाच गेली, डास चावले म्हणून परत गेली नाही. नवरा आसपासच्या लोकांसारखं त्या पाण्याला झील म्हणायचा. मी मात्र बाबांची विद्यार्थिनी, त्यामुळे माझी नाल. एकाच पाण्याला आमच्या घरात तीन नावं होती आणि कोणाचं काही अडत नव्हतं.

रविवारी मी त्यांच्याबरोबर जायची. खोटं कशाला बोलू, मला त्यात फार गोडी नव्हती. पण जागा शांत होती. काठानं पाणकणसं दाट वाढलेली, एका अंगाला जलपर्णी, मधे उघडं पाणी. जलपर्णीच्या पानांवरून जांभळ्या पाणकोंबड्या लांब बोटं टाकत चालायच्या. हिवाळ्यात थापट्या बदकं यायची, ती चोच पाण्यात घालून गोल गोल फिरत बसायची. वाळक्या कीकरवर, म्हणजे आपल्या बाभळीवर, पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले. पलीकडे नोएडाचे टॉवर, धुरकट. खुद्द यमुना तिथून थोडी पुढे होती, काळी, वरून फेस तरंगणारी, नाक धरावं अशी. आणि हे तिनं टाकून दिलेलं पाणी स्वच्छ होतं. "कारण हिला आता नदी रोज भेटत नाही," बाबा म्हणायचे. "मोठा पूर आला तर नदी येऊन जाते, मासे आणि गाळ देऊन जाते. बाकी पावसावर. वाहत नाही म्हणून गाळ खाली बसतो, गाळावर गवत येतं, गवतात किडे, किड्यांमागे पाखरं."

एकदा मी म्हटलं, "बाबा, पुढच्या रविवारी नालावर येताना थर्मास आणू."

"नालावर नाही, नालेवर. नाल स्त्रीलिंगी. ती नाल, नालेचं पाणी, नालेवर."

"लोक घोड्याचा नाल म्हणतात की."

"म्हणू देत. पालथ्या घड्यावर पाणी. आपण ती नाल म्हणायचं."

मी टोकते ते कुठून आलं, हे सांगायला नको.

आता दुसरं पाणी सांगते. सोसायटीच्या पश्चिमेला, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला, उघडा नाला आहे. दोन सेक्टरांचा मैला त्यातून जातो. कठडा नाही, काही नाही. अलीकडे असं कानावर यायला लागलं होतं की एक चर खणून हा नाला पूर्वेच्या खोलगट भागात सोडणार आहेत. पूर्वेचा खोलगट भाग म्हणजे बाबांची नाल. बाबांचा तिळपापड झाला. जेवताना, चहा घेताना, टीव्ही चालू असताना त्यांचं एकच. "एकदा जाऊन बघतोच मी हा नाला कुठून येतो न् कुठे पडतो." मी म्हणायची, "तिकडे जायचं नाही हं बाबा. पाय घसरला तर कोणाला कळणार पण नाही." आम्हा तिघांनाही ते पाठ झालं होतं, की एक ना एक दिवस बाबा त्या नाल्यावर जाणार.

जानेवारीतली गोष्ट. धुकं दुपारीही उठलं नव्हतं. मी ऑफिसात, नवरा गाझियाबादला त्याच्या कारखान्यात. मुलीला थंडीची सुट्टी होती. ती तिच्या खोलीत कानात हेडफोन घालून बसली होती. बाबांनी कानटोपी घातली, स्वेटर घातला, तपकिरी शाल घेतली आणि दारातून तिला हाक मारून सांगितलं. तिनं एका कानातलं काढलं, ऐकलं, "बरं आजोबा" म्हटलं आणि परत घातलं. फोन ते घरीच विसरले, चार्जिंगला.

मी घरी आले तेव्हा अंधार पडायला लागला होता. "आजोबा कुठे?"

"नाल्यावर गेलेत."

"कुठे?"

"नाल्यावर. मला सांगून गेले ना."

मी तशीच परत खाली धावले. त्यानंतर जे काही झालं ते सगळं पश्चिमेला झालं. गेटवरचा गार्ड म्हणाला, "बाबूजी निकले तो थे, किधर गए ध्यान नहीं." सोसायटीतले लोक टॉर्च घेऊन उतरले. पोलीस आले. महानगरपालिकेची माणसं लांब बांबूला आकडे लावून घेऊन आली आणि त्या काळ्या चिखलात खुपसून बघायला लागली. नवरा धावत पोचला आणि पहिल्याच वाक्याला म्हणाला (सासऱ्यांना तो मामाजी म्हणायचा), "मामाजी झीलवर नसतील ना?"

"नाही पप्पा," मुलगी म्हणाली. एकेक शब्द स्पष्ट बोलली. "झील नाही, लेक पण नाही. नाला म्हणाले. मी नीट ऐकलंय."

मी म्हटलं, "तिनं ऐकलंय ना." आणि तेवढ्यात एका माणसाच्या आकड्याला तपकिरी कापड लागलं. सगळे तिकडे पळाले. ते वर काढण्यात, धुण्यात, उलगडून बघण्यात फार वेळ गेला. फाटकं पोतं निघालं. पण एकदा तपकिरी काहीतरी दिसल्यावर तिथून हलायचं कोणाच्या मनात येईना. नवऱ्यानं पुन्हा झीलचं काढलं, तेव्हा धुकं इतकं उतरलं होतं की शेजारचा माणूस दिसेना. त्या कच्च्या रस्त्यावर गाडी जाणं शक्य नव्हतं. सकाळी बघू, पोलीस म्हणाले.

सकाळी गवत कापायला गेलेल्या बायकांना बाबा सापडले. नालेच्या काठावर, कीकरला पाठ टेकून बसलेले. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. पाय घसरून पाण्यात गेले असावेत, आपले आपण बाहेर निघाले असावेत, आणि मग चालवेना म्हणून बसले असावेत. कानटोपी नीट होती. शाल अंगाभोवती गुंडाळलेली होती. डॉक्टर म्हणाले, ठंड और हार्ट, दोनों. नवऱ्यानं विचारलं, किती वाजता? "रात में किसी वक़्त," डॉक्टर म्हणाले. आदल्या संध्याकाळी आम्ही पोचलो असतो तर वाचले असते का, हे कोणी विचारलं नाही. मी तेव्हा बाबांच्या मोज्यांकडे बघत होते. एक मोजा निळा होता, एक काळा. बाबांना एवढं कसं दिसलं नाही, असं माझ्या मनात आलं, आणि त्याव्यतिरिक्त दुसरं काहीही आलं नाही.

नागपूरहून सगळे आले. भंतेजी आले, वंदना झाली, पुढे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही नीट पार पडला. मी वरण किती लागेल, गाद्या कुठून आणायच्या, कोणाची गाडी कधी, हे सगळं बघितलं. पोळ्यावालीशी भांडलेसुद्धा. बायका कुजबुजायच्या, "अगं, तिला रडू द्या, मोकळी होऊ द्या." माझ्या ताईनं तर पाठीवर हात फिरवून फिरवून पाहिलं. काही येईचना. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर आपल्याच गालाला हात लावला तर दुसऱ्याचा गाल वाटतो, तसं माझं झालं होतं, सगळ्या अंगाचं. ते अजून उतरलेलं नाही.

मुलगी मात्र रडली. पोटभर रडली. आणि मला त्याचं बरं वाटलं होतं. कारण आमची सगळ्यांची समजूत अशी होती की बाबा आधी नाल्यावर गेले असतील, मग तिथून मन बदलून पूर्वेला वळले असतील. म्हाताऱ्या माणसाचं काय सांगावं. त्यात पोरीचा काही दोष नव्हता. तिनं जे ऐकलं ते सांगितलं.

होळीच्या सुमारास एका सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि ती डबा भरत होती. तिला अचानक हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं होतं.

"आई, तुला एक गंमत सांगू? आजोबापण दिल्लीवाले व्हायला लागले होते."

"ते कसं काय?"

"त्या दिवशी जाताना मला म्हणाले, 'नालेवर जाऊन येतो गं.' नालेवर! रस्तेवर सारखं. मी मनात म्हटलं, आत्ता आई असती तर आजोबांना पण टोकलं असतं. तुला सांगताना मीच ते नीट करून सांगितलं. नाल्यावर."

मी पोळी उलटली. ती फुगली. काढली. दुसरी टाकली.

"हो का," मी म्हटलं.

"हो ना. बाय, उशीर होतोय." ती डबा घेऊन गेली.

मी उरलेल्या पोळ्या केल्या, सगळ्या केल्या. ओटा पुसला. मला रडू आलं नाही, पण राग आला, तोही बाबांचा. एवढी शुद्ध भाषा कोणाला पाहिजे होती? बाबा, झील म्हणाला असता, लेक म्हणाला असता, रोज तर तिला चिडवायला लेक म्हणत होतात. त्याच दिवशी नाल सुचली. आणि सुचली ती सुचली, स्त्रीलिंगीच पाहिजे. नालावर म्हणाला असता तरी पोरीचा कान अडला असता, तिनं विचारलं असतं, कुठे आजोबा? नालेवर म्हणालात, आणि तिच्या कानाला ते हिंदीतलं नाले लागलं. मग माझ्या पोरीनं, माझ्या गुणी पोरीनं, मी शिकवला तो नियम लावून ते दुरुस्त केलं. मी त्या रिकाम्या स्वयंपाकघरात बाबांना मोठ्यानं म्हटलं, "कशाला, बाबा? कशाला?" शेजारणीला ऐकू गेलं असेल तर जाऊ दे.

नवऱ्याला सांगितलं ते खाली पार्किंगमध्ये, गाडीत बसून, काचा वर करून. त्यानं गाडीची किल्ली काढून हातात घेतली. मग म्हणाला, "हे तिला कळता कामा नये."

"नाही कळणार."

"मोठी झाली तरी नाही. तिचं लग्न झालं, तिला पोरं झाली, तरी नाही. झाकली मूठ झाकलीच राहू दे."

"मी काय दवंडी पिटणार आहे का?" मी खेकसले.  आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला बोल लावायचा?

तेव्हापासून मला एवढं एकच काम उरलं. बाकी ऑफिस, घर, सगळं हात करतात. डोकं फक्त ह्या एका गोष्टीवर असतं, की पोरीला कळू नये. तिचं वय पंधरा. आजोबा रात्री कधीतरी गेले, म्हणजे संध्याकाळी होते, हा हिशोब तिला एका क्षणात करता येईल. मग ती जन्मभर तोच करत बसेल.

शनिवारी लाल दिव्याला गाडी थांबली की खिडकीशी अंगठ्या विकणारा माणूस येतो, 'काले घोड़े की नाल का छल्ला' म्हणत. तो दिसला की मी काहीतरी बोलायला सुरुवात करते, शाळेचं, क्लासचं, जे तोंडाला येईल ते. घरात नाल हा शब्द काढत नाही. टोकणं मात्र मी सोडलं नाही. एकदम सोडलं असतं तर तिला शंका आली असती. "रस्तेवर नाही, रस्त्यावर," मी अजून म्हणायची, आणि म्हणताना तोंडात कोरडं पीठ धरल्यासारखं व्हायचं.

त्या पावसाळ्यात यमुना चढली. नदी आपल्या जुन्या वळणात शिरली, आठ-दहा दिवस नदी आणि नाल एकच पाणी होतं, मग उतरली. बाबा त्याची वाट बघत होते, दोन वर्षं. मी बाल्कनीतून बघितलं. दूर पांढरी पट्टी दिसत होती, एवढंच. तो चर अजून खणलेला नाही.

पाऊस संपल्यावर ताई आली. माझी मोठी बहीण, नागपूरला असते. बाबा तिला दर आठवड्याला फोन करायचे. ती आल्याचा मला आनंदच व्हायला पाहिजे होता. रात्रीचं जेवण चाललं होतं, आम्ही चौघं टेबलाशी. ताई भातावर तूप घेता घेता म्हणाली, "मला एकदा ती नाल दाखवून आण गं. बाबांचं फोनवर दुसरं काही नसायचंच. आज नालेवर गेलो, आज नालेवर अमुक पाखरू दिसलं..."

मुलीचा घास हातातच राहिला.

"नाल्यावर, ताई," मी म्हटलं. "नाल्यावर म्हणतात."

"अगं, नाल्यावर काय? नाला वेगळा. मी नाल म्हणतेय, नाल, ते बाबांचं घोड्याच्या..."

"ताई, वरण घ्या," नवरा म्हणाला. त्यानं पातेलं तिच्यासमोर इतकं जोरात ठेवलं की वरण टेबलावर सांडलं. ताई त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. ताई हुशार आहे. काय ते कळलं नसेल, पण काहीतरी आहे हे कळलं. तिनं लगेच भाच्याच्या लग्नाचा विषय काढला. मुलीनं भात संपवला. पूर्ण संपवला, ताट उचललं, स्वतः घासलं.

मी ओटा आवरत होते तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली. "आई, मावशी बरोबर बोलत होती ना?"

"कशाबद्दल?"

"नालेवर."

"छे गं," मी म्हटलं. "मावशीचं मराठी गावाकडचं. नालेवर असं काही नसतं. तुला नियम माहीत आहे ना? शब्दाच्या शेवटी आ असला की..."

"य येतो," ती म्हणाली.

"हां. मग झालं तर."

"आणि आ नसला तर?"

माझ्या हातात फडकं होतं. मी ते पिळलं. परत पिळलं. बाहेरच्या खोलीत ताई आणि नवरा लग्नाच्या हॉलबद्दल बोलत होते, मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. उत्तर मला येत होतं. पाचवीपासून येतं. माळ, माळेत. वीट, विटेवर.

"झोप जा आता," मी म्हटलं. "सकाळी शाळा आहे."

तिनं पाण्याचा पेला भरून घेतला. मग गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "मम्मी, टिफ़िन दे दो, लेट हो रहा है." मला वाटलं चिडली आहे, होईल शांत. संध्याकाळीही तेच. ताई गेली, दिवाळी आली, गेली, घरात मराठी उरलं ते माझं आणि नवऱ्याचं. मुलगी आमचं सगळं ऐकते, सगळं समजतं तिला, काम सांगितलं तर करते, उलट बोलत नाही. फक्त बोलते हिंदीत. नागपूरचे नातेवाईक फोनवर विचारतात, अगं, पोरीला काय झालं, किती छान बोलायची? मी सांगते, अभ्यास वाढलाय. नवरा एकदा म्हणाला, तू तिच्याशी बोल. मी म्हटलं, कुठल्या भाषेत?

आता रविवारी ती एकटीच नालेवर जाते. डास चावतात तरी जाते. निघताना दारात उभी राहते, बूट घालते, आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "मम्मी, मैं झील पे जा रही हूँ. झील पे."

मी बाहेर येईपर्यंत ती दारातून हलत नाही. मी बाहेर येते, तिच्याकडे बघते आणि म्हणते, "ठीक है. झील पे."

मग ती दार ओढून घेते.